शेणाचा हिशोब

सासूबाई रोज तिन्हीसांजेला गोठ्याच्या दाराशी उभ्या राहून गुरं मोजायच्या. आकड्यांनी नव्हे, नावांनी. "हरणी इली, तांबू इली, मोरी खय ऱ्हवली?" असं करत सगळी आत गेली, शेवटी दोन्ही बैल आले, की कडी लागायची. एकूण चौदा. आणि चौदा गुरांच्या त्या घरात चहाला दूध पिशवीचं यायचं.

मला हे पहिल्या आठवड्यातच खटकलं. मी लालबागची. पतपेढीत खातेवही लिहिण्यात सोळा वर्षं घालवलेली. २००९ साली सासऱ्यांना अर्धांगवायू झाला आणि आम्ही मुंबईचं बिऱ्हाड गुंडाळून मालवण तालुक्यातल्या गावी आलो. नवऱ्याने रिक्षा घेतली. गुरं माझ्या वाट्याला आली, म्हणजे कुणी दिली नाहीत, पण सासूबाईंचे गुडघे गेलेले आणि शेण काढायला दुसरं कोण होतं?

जमीन म्हणायला बरीच. खाली दीड एकर भात, उतारावर काजू आणि आंब्याची साठेक कलमं, आणि वर सड्यावर सहा एकर. सडा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: जांभ्या दगडाचं पठार, त्यावर वीतभर माती, कुठे तीही नाही. जूनमध्ये पाऊस लागला की पंधरा दिवसांत हिरवंगार, ऑक्टोबरात सोनेरी, आणि मार्चमध्ये तव्यासारखा तापलेला काळा कातळ. गुरं वर्षभर तिथेच चरायची.

"दूध नाही तर गुरं कशाला ठेवायची?" मी विचारलं.

"शेणाक," सासूबाई म्हणाल्या. एवढं साधं कसं कळत नाही, अशा आवाजात.

त्यांचं बरोबर होतं. राब भाजायला शेण, अंगण सारवायला शेण, कलमांच्या आळ्यात शेणखत. मोठ्या हापूसच्या झाडाला वर्षाला पन्नास किलो शेणखत घालावं असं दापोलीच्या कृषी विद्यापीठाची माणसं सांगतात. साठ कलमांचे तीन टन झाले. आमच्याकडे निम्मंसुद्धा जमत नसे. चौदा गुरं, आणि सकाळी गोठ्यातून निघायची चार घमेली. मग उरलेलं जात कुठे होतं? हा प्रश्न मी तेव्हा विचारायला हवा होता. त्याऐवजी मी जर्सी गाय आणली.

त्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. घाटावरून टेम्पोतून आणलेली, दिवसाला बारा लिटरची. कागदावर हिशोब सुंदर बसला होता. जुलैत तिला गोचीडताप झाला. सकाळी पाहिलं तर लघवी कॉफीच्या रंगाची, डोळ्यांच्या आतली कड पांढरीफटक. डॉक्टर येऊन इंजेक्शन देईपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. त्याच गोठ्यात, तेच गोचीड अंगावर घेऊन आमच्या चौदा बुटक्या तांबूस गाईगुरांना काही झालं नाही. ज्यांना मी बिनकामाची म्हणत होते ती मजेत रवंथ करत होती.

या गुरांना तेव्हा नुसतं 'गावठी' म्हणत. २०१८ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने त्यांची 'कोकण कपिला' म्हणून स्वतंत्र जात नोंदवली, तेव्हा मी सासूबाईंना बातमी वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "आता दूध वाढतला काय तेंचा?" नाही वाढलं. ही जात दोन-अडीच लिटरची. पण वीतभर मातीच्या सड्यावर, मुसळधार पावसात आणि एप्रिलच्या उन्हात उभी राहायला जे लागतं ते तिच्याकडे आहे.

मला गुरं बघायला शिकवलं ते शेजारच्या वाडीतल्या आबांनी. जन्मभर गावची गुरं राखलेला माणूस. जर्सी गेल्यावर एकदा आले, गोठ्यात शिरले, आणि गुरांकडे ढुंकूनही न पाहता पायाने एक पोवटी उलटी केली.

"शेण बघ आधी, बाय. गुरां काय सांगतली? शेण सांगता."

मार्च महिना होता. पोवटी कसली, एकावर एक रचलेल्या कोरड्या गोळ्यांचा ढीग. आत काड्याच काड्या, न पचलेल्या. आबांनी एक गोळा हातात मोडला, पापडासारखा मोडला. "ह्या नुसता लाकूड खातत," म्हणाले. मग श्रावणातलं शेण कसं असतं ते आठवायला सांगितलं: पातळ, पसरट, मध्ये खळगा. आणि चांगलं शेण म्हणजे भाद्रपदातलं, जाड भाकरीसारखं बसणारं. तेव्हापासून आजतागायत मी सकाळी गोठ्यात गेले की आधी खाली बघते.

जाता जाता म्हणाले, "तुमची गुरां खातत कमी आनी चलतत जास्ती."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं, कारण तोवर मी वही सुरू केली होती. पतपेढीची सवय. प्रत्येक गुराला एक पान: कधी जन्मलं, कधी माजावर आलं, कधी भरलं, कधी व्यालं, वासराचं काय झालं. मागच्या तीन वर्षांचं सासूबाईंना विचारून भरलं. त्यांना तारखा आठवत नसत, पण 'गणपतीत', 'तरवा लावताना', 'धाकट्याच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी' हे पक्कं आठवे. बेरीज केली तर सहा गाई, तीन वर्षं आणि वासरं सात. त्यातली तीन भर पावसात दगावलेली. म्हणजे एक गाय अडीच वर्षांतून एकदा वीत होती. माझ्या पतपेढीत असं खातं असतं तर थकबाकीत टाकलं असतं.

कारण वहीतच होतं, फक्त ते दिसायला मला वेळ लागला. दहा-दहा महिन्यांची वासरं अजून आईला पीत होती. आधीच हाडं वर आलेली गाय, त्यात दांडगं वासरू दिवसभर ओढतंय. ती परत माजावर येणार कशी? मी वासरं सहाव्या-सातव्या महिन्यात तोडायचं ठरवलं. पहिल्या वेळी तीन रात्री घरात कुणी झोपलं नाही. इकडून वासरू, तिकडून आई. सासूबाई दुसऱ्या रात्री उठून पडवीत बसल्या आणि मला ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणाल्या, "पाप लागतला." चौथ्या दिवशी सगळं शांत. तीन महिन्यांत तांबू माजावर आली. सासूबाईंनी ते आधी पाहिलं आणि मला येऊन सांगितलं. पापाचा विषय पुन्हा निघाला नाही.

तांबूची आणखी एक खोड होती. दोरीवरचे कपडे चघळायची, चपला चघळायची. एकदा सड्यावरून कुठल्याशा जनावराचं वाळलेलं हाड तोंडात धरून आली, सिगारेट ओढणाऱ्या माणसासारखी. सगळे हसले. मी डॉक्टरांना सहज सांगितलं, तर ते हसले नाहीत. म्हणाले, जांभ्या जमिनीत स्फुरद कमी, म्हणून गवतात कमी, म्हणून गाय ते हाडात शोधते. सड्यावरच्या कुजक्या हाडातून विषबाधाही होते. रोज मूठभर क्षारमिश्रण भरड्यात कालवून सुरू केलं. दोनेक महिन्यांत चपला वाचल्या.

पण मुख्य प्रश्न होता चालण्याचा. डिसेंबरनंतर सड्यावर पाण्याचा थेंब नाही. गुरं सकाळी वर जायची, अकराला तहानेने खाली व्हाळाकडे, दुपारी परत वर. उतरणीवर दोन-अडीच किलोमीटर, दिवसातून दोनदा. जे काय काडीकुडी पोटात जाई ते चालण्यात संपे, आणि शेण पडे वाटेवर. माझी हरवलेली घमेली तिथे होती.

विहिरीवरून पाइप टाकून सड्याच्या कडेला चिऱ्याची डोण बांधली, आतून सिमेंटचा गिलावा. आजवर केलेल्या खर्चात सगळ्यात शहाणपणाचा तो. उन्हाळ्यात एकेक गाय तीस-चाळीस लिटर पाणी पिते, हे त्या डोणीजवळ उभं राहिल्यावर कळलं. क्षाराची वीट मात्र मुद्दाम सड्याच्या दुसऱ्या टोकाला टांगली. नाही तर गुरं पाण्याभोवतीच घुटमळतात, तिथलं गवत मुळासकट जातं आणि लांबचं तसंच उभं राहून वाळतं.

मग सहा एकरांचे तीन तुकडे केले. एका बाजूला जुना गडगा होताच, तो डागडुजी करून घेतला. बाकी ठिकाणी गिरिपुष्पाच्या काठ्या पहिल्या पावसात रोवून वई केली. पावसाळ्यात एका तुकड्यात गुरं, दोन मोकळे. लोक म्हणत, सगळीकडे गवत असताना कोंडून कशाला ठेवते ही? पण जून-जुलैत कोवळं गवत दातांनी खरवडलं गेलं की ते पुढे वाढत नाही, त्या जागी रानमोडी आणि घाणेरी येते. आमच्या सड्याचा पाव भाग त्यांनी असाच गिळला होता. दोन पावसाळे विळा-कोयतीने उपटत बसलो.

गवत कापण्यावरून मात्र घरात खरा वाद झाला. आमच्याकडे रीत अशी की भात झोडून, उडवी रचून हात मोकळे झाले की मग सड्यावरचं गवत कापायचं. तोवर नोव्हेंबर उजाडतो. कुसळी पिकून तिची कुसळं साडीत, पायांत, गुरांच्या हिरड्यांत टोचतात. ते गवत दिसायला भरघोस, पण आबांच्या भाषेत लाकूड. गवत फुलोऱ्यावर असताना कापलं तर त्यात जीव असतो, आणि तो फुलोरा येतो सप्टेंबरच्या शेवटी, उत्तरा सरता सरता. तेव्हा पाऊस असतो, आणि भात कापायला आलेलं असतं. मजूर कुठून आणायचे?

सगळं जमणार नव्हतंच. म्हणून एक तुकडा, दोन एकरांचा, तेवढा लवकर कापायचा. उघडीप बघून सकाळी कापायचं, कातळावर पसरायचं, चारला ढग आले की धावत जाऊन गोळा करायचं. पहिल्या वर्षी निम्मं भिजून काळं पडलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचं न बोलणं फार बोलकं असतं. दुसऱ्या वर्षी पाऊस मानवला. त्या वर्षी मार्चमध्ये मी तो हिरवट वाळका भारा गव्हाणीत टाकला आणि दुसऱ्या सकाळी खाली बघितलं. गोळे नव्हते.

लवकर कापण्याचा आणखी एक फायदा मी लोकांना सांगत नाही. भात निघालं की गावात गुरं मोकळी सुटतात. मृगापर्यंत कुणाचंही गुरू कुणाच्याही जमिनीत. लिहिलेला कायदा नाही, पण कायद्याहून पक्का. मी राखलेलं गवत पहिल्या वर्षी गावाने खाल्लं. भांडले, कोंडवाड्याची भाषा केली, मग कळलं की कोंडवाड्यात घालायची गुरं माझ्या चुलतसासऱ्यांची आहेत. कापून माळ्यावर टाकलेलं गवत कुणाची गाय खात नाही, आणि वणव्यात जळतही नाही.

भाताच्या पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करायचं एका शिबिरात शिकले. शंभर किलो पेंढा, चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात विरघळवायचा, थरावर थर शिंपडून दाबायचं, प्लॅस्टिकने हवाबंद करून एकवीस दिवस ठेवायचं. उघडल्यावर डोळे चुरचुरतील असा वास येतो; तासभर हवा द्यायची, पहिले चार दिवस गुळाचं पाणी शिंपडायचं, लहान वासरांना द्यायचं नाही. हे सगळं मला पाठ होतं. फक्त उरलेल्या युरियाच्या पाण्याची बादली मी गोठ्याच्या पायरीवर विसरले.

मोरीने ती चाटूनपुसून घेतली. अर्ध्या तासात ती थरथरायला लागली, दात करकर वाजवत, तोंडाला फेस, डावी कूस ढोलासारखी. डॉक्टर दोन तासांच्या अंतरावर. फोनवर म्हणाले, व्हिनेगर पाजा, मिळेल तितकं, आणि भरपूर थंड पाणी. गावच्या दुकानात व्हिनेगर कुठला? सासूबाईंना विचार करायला दोन क्षण लागले. "खालच्या वाडीत, किरिस्तांवांकडे शिर्को." नवरा रिक्षा घेऊन सुटला आणि माडाच्या माडीचा घरगुती शिर्का, दोन बाटल्या आणि एक अर्धी, घेऊन आला. देणारी बाईही त्याच्याबरोबर आली, हातातलं मासळीचं ताट तसंच टाकून. मोरीचं तोंड फार वर न करता, ओठाच्या कोपऱ्यातून, घोट घोट. पाण्याबरोबर अडीच बाटल्या संपल्या आणि थोड्या वेळाने तिने जो लांब ढेकर दिला, तसा गोड आवाज मी पतपेढीत, लग्नात, कुठेच ऐकलेला नाही. त्या घरी दर दिवाळीला फराळाचा डबा जातो, नाताळात तो भरून परत येतो. युरियाची बादली आता गोठ्याच्या आसपासही येत नाही. पेंढा परड्यात भिजवतो.

गोचिडांचं कोडं सुटायला मात्र वर्षं लागली. औषध फवारलं की आठ-दहा दिवस बरं, परत तेच. एकदा बॅटरी घेऊन भिंत बघत होते. आमचा गोठा चिऱ्याचा, आणि चिरा म्हणजे नुसती भोकं. त्या भोकांत गोचिडांच्या फुगीर माद्या आणि अंड्यांचे चकचकीत पुंजके. एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते. मी गुरांवर फवारत होते आणि माझी भिंत त्यांना पोसत होती. कमरेपर्यंत गिलावा केला, वर चुना, गुरं आणि भिंत एकाच दिवशी फवारायची आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. राहिलेल्या फटींचं काम कोंबड्या करतात, बिनपगारी.

हे सगळं करूनही गणित जमेना. सहा एकर सडा आणि दीड एकराचा पेंढा चौदा तोंडांना पुरतच नव्हता. वहीत कसाही मांडला तरी एप्रिल-मे उणे निघे. चारा विकत घेतला तर शेणखतच विकत घेतलेलं स्वस्त. गुरं कमी करायला हवी होती, आणि हे सासूबाईंना सांगायचं कुणी? त्यांच्या लेखी घराची श्रीमंती पाडव्याला मोजली जाई: अंगावर गेरू आणि चुन्याचे गोल ठसे उठवलेली, गळ्यात झेंडूचे हार घातलेली गुरं रांगेने गोठ्याबाहेर पडतात तेव्हा रांग किती लांब, यावरून.

मी वही त्यांच्यापुढे नेली नाही. आकड्यांनी त्या हलणाऱ्या नव्हत्या. एका मेमध्ये हरणी उठेना. चार माणसांनी पोटाखाली गोणपाट घालून उभी केली. त्या रात्री त्याच म्हणाल्या, "पोटाक नाय तर बांधून कित्याक ठेवायची?"

मार्च २०१५ मध्ये राज्यात कायदा बदलला आणि बैलही कत्तलीसाठी विकायची वाट बंद झाली. आमच्या दोघा म्हाताऱ्या बैलांना तसंही कुणी विकणार नव्हतं. गावात पॉवर टिलर आले होते, त्यांचं जोत सुटलं होतं. ते दोघे बसून खात खात आपल्या मरणाने गेले, आणि त्यांच्या खाण्याचा हिशोब मी वहीत लिहिला नाही. दोन पाडे अजून नांगर धरणाऱ्या एका शेतकऱ्याकडे गेले. हरणी आणि एक कालवड खाडीपलीकडे नणंदेकडे अर्धलीनं दिल्या: सांभाळ त्यांचा, वासरू अर्धं अर्धं. चौदाची आठ व्हायला सहा वर्षं लागली. एक चांगला पाडा वळू म्हणून ठेवला आणि दर तीन वर्षांनी तो लांबच्या गावातल्या वळूशी बदलतो, स्वतःच्याच कालवडींवर जाऊ नये म्हणून. मधल्या काळात एका गाईला जर्सीचं रेतन करून बघितलं होतं. वासरू आडलं, ओढून काढलं तेव्हा मेलेलं होतं. लहान गाईच्या कमरेला मोठ्या जातीचं वासरू पेलत नाही, हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं, किंवा मी विचारायला.

आता आठ गुरांच्या गोठ्यातून सकाळी सहा घमेली निघतात. दुपारच्या उन्हात ती गोठ्यातच बसतात, खाली काजूचा पाचोळा अंथरलेला, त्यामुळे मूत्रही वाया जात नाही. चार गाईंतल्या तीन वर्ष-सव्वा वर्षाने वितात. सकाळचा चहा घरच्या दुधाचा, संध्याकाळचा अजून पिशवीचा. २०२२ मध्ये लंपी आला तेव्हा तांबूच्या अंगभर गाठी उठल्या, आठवडाभर वैरण सोडली, उठली पुन्हा. आबा त्याआधीच गेले होते. नाही तर तिचं शेण बघून त्यांनी चौथ्या दिवशीच सांगितलं असतं.

सासूबाई अजून दाराशी उभ्या राहून मोजतात. आठ झाली की थांबत नाहीत. दिलेल्या गुरांची नावंही घेतात, आणि मग कडी लावतात.

गेल्या श्रावणात एका सकाळी कडी काढली तर दाराबाहेर हरणी उभी. खाडीवरच्या पुलाने, रात्रीच्या पावसात, नऊ किलोमीटर चालत आलेली. सरळ आत गेली, आपल्या जुन्या खुंट्याशी. तिथे आता मोरीची कालवड बांधलेली. तिला बाजूला ढकलून गव्हाणीत तोंड घातलं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. मी मागून बघत होते, आणि मला शेपटाखालचा चिकट धागा दिसला. बाईसाहेब माजावर होत्या. नणंदेकडे वळू नाही.

दुपारी वळूला दाखवली, संध्याकाळी नवऱ्याने चालवत परत पोचवली. वहीत मी लिहिलं: 'हरणी, स्वतःहून आली, भरली.' वासरू मेमध्ये होईल. आता नणंदेचं म्हणणं, गाय अर्धलीची म्हणून वासरू अर्धं. सासूबाईंचं म्हणणं, गाय माहेरी येऊन भरली म्हणून वासरू सगळं आमचं. दर रविवारी फोनवर या विषयावर दोन्हीकडून पाऊण तास बोलणं होतं.